मुकादमभाईंचा खड्डा

मुकादमभाईंना "किती लांब आहे?" असं कधी विचारू नये. मी विचारलं होतं, जेद्दातल्या ऑफिसात माझ्या पहिल्याच दिवशी. प्यायच्या पाण्याचं मशीन कुठं आहे, एवढंच मला हवं होतं. ते खुर्चीतून उठले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बेचाळीस पावलं. तुमची पन्नास होतील, ताई. तुम्ही आखूड टाकता." दारापासून टेबलापर्यंत येताना माझी चाल त्यांनी मापून ठेवली होती! मला रागच आला. परत येताना मी चोरून मोजली. एकावन्न भरली. मोठ्या तोऱ्यात जाऊन सांगितलं, तर म्हणाले, "एक वळणात गेलं असेल."

दाऊद मुकादम हे त्यांचं नाव. हर्णैच्या बाजूचे, दर्यावर घर असलेले कोकणी मुसलमान. जमीन मोजणाऱ्या आमच्या कंपनीतले सगळ्यात जुने सर्व्हेअर. तीस वर्षांपूर्वी ते इथं आले ते हातात आकड्यांची काठी धरून उन्हात उभं राहायच्या कामावर. समोरचा माणूस दुर्बिणीतून आपल्याकडे बघतो तेव्हा त्याला काय दिसतं, याची त्यांना भारी उत्सुकता. ती इतकी वाढली की चार-पाच वर्षांत ते स्वतःच दुर्बिणीमागे जाऊन उभे राहिले. मी सांगलीची, संगणकावर नकाशे काढणारी. त्यांनी मोजून आणायचं आणि मी काढायचं, असं आमचं सात वर्षं चाललं.

त्यांच्या डाव्या खिशात खजुराच्या दहा बिया असायच्या. शंभर पावलं झाली की एक बी डावीकडून उजवीकडे. कॉर्निशवर समुद्राकाठी फिरायला गेले तरी हेच. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही. मी एकदा बोलले, "काय मुकादमभाई, एकटेच?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू माझ्या हातून काहीतरी सांडलंय. मग मुकाट्यानं मागच्या दिव्याच्या खांबापर्यंत परत गेले आणि पहिल्यापासून सुरू केलं.

"अंदाज म्हणजे आळस," हे त्यांचं आवडतं वाक्य. आम्ही नवीन फ्लॅट बघत होतो तेव्हा दलाल म्हणाला, हॉल बहोत बडा है. मुकादमभाई उभे चालले, आडवे चालले आणि विनायकला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हणाले, "तुमचा सोफा आत येईल. पण मग तुम्ही दोघं बाहेर." तो फ्लॅट आम्ही सोडला. दलाल अजून आमच्याशी बोलत नाही.

कंपनीच्या गोदामाची साफसफाई निघाली तेव्हा एक जुनी, डोळा लावून बघायची दुर्बीण भंगारात निघाली होती. आता सगळं आपोआप मोजणारी यंत्रं आलीत, हिचं काय करायचं, असं साहेबांचं म्हणणं. मुकादमभाईंनी अर्ज केला. अर्जात लिहिलं, "ही मला वीस वर्षं ओळखते." साहेब लेबननचे, हसून म्हणाले, "खलास, ने तुझ्या बेगमला." तेव्हापासून ती लाकडी पेटी त्यांच्या खोलीत पलंगाशेजारी असायची. कुठं बाहेरगावी निघाले की गाडीतही आधी ती बसायची आणि मग ते.

आणि त्यांचा खड्डा. हा विषय निघाला की मुकादमभाई वेगळेच व्हायचे.

तायफच्या पुढं, काळ्या लाव्ह्याच्या माळावर वहबा नावाचं ज्वालामुखीचं विवर आहे. आम्ही सगळे त्याला "मुकादमभाईंचा खड्डा" म्हणायचो. ज्वालामुखी म्हटला की डोंगर चढायचा आणि शेंड्यावरचं तोंड बघायचं, अशी आपली समजूत. इथं उलटं. सपाट माळावरून गाडी जाते, जाते, आणि एकदम पुढची जमीनच संपते. दोन किलोमीटरच्या आसपास रुंद, अडीचशे मीटर खोल. वरचा कठडा काळ्या खडकाचा, उभा तुटलेला. त्याखाली पिवळट राखेचे थर. उत्तरेच्या उतारावर पाण्याचे झरे आणि चक्क खजुराची झाडं. आणि अगदी तळाला पांढरीशुभ्र क्षारांची बशी. मोजणीच्या कामासाठी मुकादमभाई तिथं महिना महिना राहिले होते. काठ कुठं किती उंच, कुठं आतून पोखरलेला, सगळं पाठ. मी तळाचा पांढरा भाग नकाशात छान गोल काढला होता, तर स्क्रीनवर बोट आपटून म्हणाले, "गोल नाही ताई. एका बाजूला चेपलाय. सुबक दिसतो म्हणून काहीही काढू नका."

आकाशातून उल्का पडून तो खड्डा झाला असं कुणी म्हणालं की त्यांचं डोकं फिरायचं. "वरून काही पडलं नाही! खालून तापलेला रस आला, त्याला जमिनीतलं पाणी लागलं, वाफ झाली आणि फुटलं. कुकरचं झाकण उडतं तसं." हे ते इतक्या तावातावानं सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, उडालेलं झाकण यांच्याच डोक्यात बसलंय.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला तीन वर्षं लागली. ऑफिसची सहल दर हिवाळ्यात तिथं जायची. सगळे खाली उतरायचे. मुकादमभाई पायवाट दाखवायचे, कुठल्या दगडावर पाय द्यायचा नाही ते सांगायचे, आणि स्वतः काठावर थांबायचे. "दुर्बिणीपाशी कुणीतरी नको का?" तिसऱ्या वर्षी मी अर्ध्या वाटेतून टोपी घ्यायला परत आले, तर दुर्बीण पेटीतच होती आणि मुकादमभाई गाडीत बसून शेंगा खात होते. मी टोपी उचलली. ते म्हणाले, "शेंगा घ्या."

गेल्या वर्षी त्यांचं फायनल एक्झिट ठरलं. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपत होता, वयही झालं होतं, मार्चमध्ये कायमचं गावी जायचं. त्याआधी जानेवारीत त्यांची बायको व्हिजिट व्हिसावर आली. तीस वर्षांत पहिल्यांदा. सकीनाभाभी म्हणजे बुटक्या, ठणठणीत, डोक्यावरून पदर पक्का आवळलेल्या. आल्या आल्या उमरा झाला. मक्केहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "आता तो खड्डा दाखवा."

त्या दिवशी मुकादमभाई ऑफिसात आले ते माझ्या टेबलासमोर येऊन उभेच राहिले. पाणी प्यायले. पेन उचलून ठेवलं. मग म्हणाले, "ताई, तुम्ही खाली गेलायत. खाली काय काय आहे, जरा सांगा."

"अहो, तुम्ही मला सांगायचं की मी तुम्हाला?"

"मी कधी उतरलेलो नाही."

मला ते ठाऊकच होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकताना कसंतरी झालं. तिथल्या मोजणीच्या पहिल्या वर्षी ते वीसएक पावलं उतरले होते. आणि मग पायच हलेनात. काठावर उभं राहून ते हवं तितका वेळ खाली बघू शकत, डोळा काचेला असला की भीती नाही. पण पायाखालची वाट खाली जायला लागली की घाम. एका सुदानी सोबत्यानं त्यांचा रुमाल धरून त्यांना वर ओढून आणलं. खाली काठी घेऊन दुसरे उतरले, आणि यांनी वरून सगळं मोजलं. बिनचूक मोजलं, बरं का. तिथं पाऊल न टाकता.

"मग त्यात लाजायचं काय?" मी म्हटलं. "सर्व्हेअर लोक असंच मोजतात."

"लाज त्याची नाही." ते खुर्चीवर बसले. "त्याच साली सकीनाचे अब्बा गेले. मला सुट्टी मिळाली नाही. तेव्हा फोन कुठं परवडायचे, आम्ही कॅसेट भरून पाठवायचो. तिची कॅसेट आली. दोन्ही बाजू नुसतं रडणं. मी काय भरून पाठवणार? सबर कर, सबर कर, किती वेळा म्हणणार? तर मी तिला हा खड्डा सांगितला. आपली अख्खी वाडी, मशीद, शाळा, बंदरावरच्या होड्या, सगळं आत ठेवलं तरी जागा उरेल म्हटलं. इथपर्यंत खरं होतं. मग बोलता बोलता म्हणालो, मी खाली उतरलो. मधोमध गेलो. जमीन कशी, लादी घातल्यासारखी टणक, पांढरी. तिथं मी तुझ्या अब्बांसाठी दोन रकात नमाज पढलो."

मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढं सरकवला.

"नमाजाचं खोटं बोललो, ताई. तिनं ती कॅसेट वाडीभर ऐकवली. सुट्टीवर गेलो की पोरंटोरं मागं लागायची, सांगा ना सांगा. मी सांगत गेलो. आता ती म्हणते, मला ती जागा बघायचीय." त्यांनी डोळे पुसले, उघडउघड. "तीस वर्षं ती माझ्या सांगण्यावर राहिली. मी इथं कसा राहतो, काय खातो, आजारी आहे की बरा, सगळं मी सांगायचं आणि तिनं मानायचं. हे एक खोटं निघालं तर ती म्हणेल, मग बाकीचं काय काय?"

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मी भाभींना खाली जाण्यापासून परावृत्त करावं. गुडघे, ऊन, घसरण, काहीही सांगावं. मी म्हटलं, "तुमच्या खोट्यात मला कशाला ओढता?" त्यांनी मान खाली घातली. मग मी म्हटलं, "बघते." कुणी मान खाली घातली की मी लगेच विरघळते, हा माझा जुना दोष.

शनिवारी पहाटे फजरची नमाज झाल्यावर निघालो. विनायक गाडी चालवत होता, मुकादमभाई पुढं, मागं आम्ही दोघी आणि मध्ये ती पेटी. मी आपलं काम सुरू केलं. "भाभी, वाट फार वाईट आहे हो. तरणी माणसं दमतात."

"आमच्या घरापास्नं बंदरावर जायला पाखाडी हाय," भाभी म्हणाल्या. "दीडशे पायऱ्या. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चढत्ये मी. तुम्हाला दम लागला तर सांगा, थांबू."

पुढच्या सीटवरून एक उसासा आला. विनायक आरशातून माझ्याकडे बघून हसत होता. त्याला हाणावंसं वाटलं.

वाटेत मुकादमभाईंनी तिथल्या बदूंची, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या लोकांची, गोष्ट सांगितली. तिथं म्हणे पूर्वी डोंगर होता. विजेच्या लखलखाटात त्याला लांबचा दुसरा डोंगर दिसला, तो इतका सुंदर की हा जागचा उपटून त्याच्याकडे निघून गेला. त्याची रिकामी जागा म्हणजे हा खड्डा.

"गेला तो परत नाय आला?" भाभींनी विचारलं.

"नाय."

"बरा डोंगर!" भाभी म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

दहाला पोहोचलो. गाडीतून उतरून भाभी सरळ कठड्यापर्यंत गेल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तोंडावर हात गेला. मग म्हणाल्या, "अवो, तुम्ही कमीच सांगितलंत." मुकादमभाईंचा चेहरा असा झाला की हसावं की रडावं तेच कळेना.

"चला," भाभी म्हणाल्या.

"मी दुर्बीण लावतो," मुकादमभाई म्हणाले. "तू जा ताईंबरोबर. मी वरून लक्ष ठेवतो."

भाभींनी त्यांच्याकडे एक क्षण नीट बघितलं. बायका बघतात तसं. मग चपला घट्ट केल्या आणि निघाल्या.

वाट खरंच वाईट आहे. सुटे दगड, मध्येच गुळगुळीत राख. भाभी पाय आडवे टाकत, एकदाही न घसरता उतरत होत्या आणि मागं वळून मलाच हात देत होत्या. तासाभरात तळाला पोहोचलो. आत वारा नाही, आवाज नाही. वर बघितलं तर चारी बाजूंनी काळा कठडा आणि त्यावर ठिपक्याएवढी आमची गाडी.

"आता मधी जाऊ," भाभी म्हणाल्या. "हे जिथं नमाज पढले तिथंच मला दोन रकात पढायच्यात. अब्बांसाठी."

मी म्हटलं, "भाभी, इथं कडेलाच पढा ना. तिकडं फार लांब आहे." पण त्या चालायला लागल्या होत्या. कडेची जमीन टणक होती, पायाखाली कुरकुरत होती. काठी घेऊन उतरलेले लोक तिथंच थांबले असणार, आणि मुकादमभाईंनी काचेतून तीच लादी बघितली असणार. काचेतून पांढरं दिसतं. खालचं दिसत नाही.

शंभरएक पावलांवर भाभींचा उजवा पाय खचकन आत गेला. मग डावा. वरचा पांढरा पापुद्रा फुटला आणि खालून करडा चिखल घोट्यापर्यंत आला. मी धावले, त्यांना हात दिला. त्या तिथंच उभ्या. पायाकडे बघितलं. समोर बघितलं, मधोमध, तिथं तर ओल चमकत होती.

"इथं कपाळ टेकून सजदा कोण करंल?" त्या हळूच म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडावर त्यांना सगळं वाचता आलं असणार, मला तोंड लपवता येत नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"परवाच कळलं, भाभी. खरंच."

त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता संपलं. मुकादमभाईंनी भीत भीत सांगितलेलं सगळं आता होणार. पण त्या म्हणाल्या, "अब्बा गेले तेव्हा मला चाळीस दिवस झोप नव्हती. कॅसेट आली त्या दिवशी झोपले. सासू उठवायला आली तर उठेना म्हणून घाबरली." आणि मग त्या हसायला लागल्या, रडता रडता. "येवढा मोठा माणूस, पाखाडी उतरताना भिंत धरून उतरतो. मला आधीच कळायला हवं होतं!"

मग मागं फिरल्या. कडेच्या टणक जागी चिखलाचे पाय टाचेनं जरा खरवडले, शाल अंथरली. "त्यांच्या वाटची राहिलीय ती," म्हणाल्या, "कुणीतरी पढायला हवी." त्यांनी दोन रकात पढल्या. मी बाजूला बसून राहिले. मी कधी देवापुढं फारशी न बसणारी, पण त्या वेळी मला हात जोडावेसे वाटले आणि मी जोडले.

वर यायला दीड तास लागला. मी तीनदा बसले, त्या एकदाच. विनायक अर्ध्या वाटेवर पाणी घेऊन आला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "त्यांनी डोळा काढला नाही दुर्बिणीवरून. एकदा म्हणाले, पाय गेला. मग म्हणाले, पढत्ये. आणि रडायला लागले. काय झालं गं खाली?"

कठड्यावर मुकादमभाई उभे होते. भाभी दम खात त्यांच्यासमोर गेल्या.

"बघितलंस?" मुकादमभाईंनी विचारलं.

"बघितलं. अगदी तुम्ही सांगितलंत तसंच हाय."

मुकादमभाईंनी त्यांच्या पायांकडे बघितलं. करडा चिखल वाळून घोट्यांवर भेगाळला होता. ते गाडीकडे गेले, पाण्याचा कॅन आणला, खाली बसले आणि त्यांचा एक पाय आपल्या हातात घेतला.

"मी नाय उतरलो गो कधी," ते खाली बघूनच म्हणाले. "खोटं बोललो तुझ्याशी."

"माहीत हाय. आधी पाय धुवा, जोहरच्या नमाजाची वेळ जात्ये."

त्यांनी पाय धुतले. बोटांच्या फटीतला चिखलसुद्धा काढला, सावकाश. विनायक दुसरीकडे बघत होता. मी बघत होते, का बघू नये? इतकं चांगलं मला परत कुठं बघायला मिळणार होतं?

"आणि काय काय खोटं सांगितलंत?" भाभींनी विचारलं.

मुकादमभाईंनी विचार केला. कुणी माप विचारलं की करायचे तसा, नीट. "तब्येतीचं," ते म्हणाले. "दोनदा इस्पितळात होतो, म्हटलं कामावर आहे. जेवणाचंही. बाकी सगळं खरं."

"दोनदा?"

"दोनदा."

"आता घरी चला, मग बघत्ये तुमच्याकडे," भाभी म्हणाल्या.

पुढं मार्चमध्ये ते गेले तेव्हा मी सांगलीला होते, आईचं ऑपरेशन होतं. निरोप घेता आला नाही, याची चुटपुट आहे. आता फोनवर आवाज येतो, पण दिसत नाहीत. म्हणून आता मुकादमभाई आठवले की मला ते दिसतात खड्ड्यावरच्या त्या दुपारचे, जेवणानंतरचे.

जोहर झाली, भाभींनी डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. मुकादमभाईंनी नीट खाल्लं नाही. मग एकदम उठले. "खजुराच्या झाडांपर्यंत जाऊन येतो," म्हणाले. विनायक सोबत निघाला, तर त्याला हातानं थांबवलं. पहिली दहा पावलं उभ्यानं उतरले. मग एका दगडाला धरून उभेच राहिले, बराच वेळ. मला वाटलं, आता परत येतील. ते खाली बसले आणि बसूनच, हातांवर भार देत, एकेक दगड सरकायला लागले. पांढरी टोपी वळणामागे जायची आणि पुन्हा खालच्या बाजूला दिसायची.

भाभी दुर्बिणीपाशी गेल्या. ती कशी फिरवायची हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी ती फिरवली. एक डोळा मिटून काचेला डोळा लावला आणि हलल्या नाहीत.

"दिसतात का, भाभी?" मी विचारलं.

"दिसतात की," त्या म्हणाल्या. "घाबरलेत. पण चाल्लेत."